तेल बघा, तेलाची धार बघा

शुक्रवारी बोलिंगला गेलात. पहिल्या गेमला हिरो, दुसऱ्या गेमला झिरो. घरी येताना मनगटाला शिव्या. थांबा! त्या चकचकीत लेनवर डोळ्यांना न दिसणारं तेल असतं, आणि अर्धा गेम तेच खेळत असतं.

पहिला गेम १२८. दुसरा गेम ७९.

स्क्रीनवर हे दोन आकडे शेजारी शेजारी झळकत होते आणि माझी टीम माझ्याकडे अशी बघत होती, जणू कंपनीचं वर्षाचं टार्गेट मीच बुडवलंय. लोअर परळ, शुक्रवारची रात्र, मार्केटिंग विरुद्ध अकाउंट्स. हरणाऱ्यांनी जेवणाचं बिल भरायचं, असं ठरलेलं. पहिल्या गेमला मी फुल टू फॉर्मात. बॉल सुटायचा, जरासा डावीकडे झुकायचा आणि थेट पिन्सच्या पोटात. "काय सॉलिड टाकतेस यार!" वगैरे ऐकून मी हवेत. दुसऱ्या गेमला तोच बॉल, तीच मी, तेच चार स्टेप्स. पण बॉल पुढच्या पिनला डाव्या बाजूने टांग मारून निघून जायला लागला. मी आणखी उजवीकडे टाकला, तर कधी गटरमध्ये. मनगट आणखी वळवलं, तर आणखी डावीकडे. सहा पिन्सनी हरलो.

त्याच आठवड्यात अप्रेझल झालं होतं. 'काम चांगलं आहे, पण कन्सिस्टन्सी नाही', हे वाक्य अजून कानात होतं. आता ते स्क्रीनवरही लिहून आलं होतं.

तेवढ्यात अकाउंट्समधले एक सर शेजारी येऊन बसले. आम्ही त्यांना फक्त आमची बिलं अडवणारा माणूस म्हणून ओळखतो. त्या रात्री मात्र ते स्वतःची बॅग, स्वतःचे शूज आणि स्वतःचा जांभळा बॉल घेऊन आले होते आणि शांतपणे स्ट्राइकवर स्ट्राइक काढत होते. म्हणाले, "हात नाही बिघडला तुझा. तेल संपलं."

"कुठलं तेल?"

त्यांनी स्वतःचा बॉल माझ्या हातात दिला. अंगावर ओलसर, चकचकीत कडी उमटली होती. बोट फिरवलं, तर बोट तेलकट!

पोह्यांच्या फोडणीएवढं तेल

बोलिंगची लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट, म्हणजे त्याहून थोडीशी कमी. रुंदी मात्र जेमतेम साडेतीन फूट. त्या रुंदीत एकूण ३९ पट्ट्या. आजच्या बहुतेक लेन्स सिंथेटिक आहेत, पण पट्ट्यांची खूण अजून तशीच. उजव्या हाताने खेळणारा उजवीकडून पट्ट्या मोजतो. फाउल लाइनच्या पुढे साधारण १२ ते १६ फुटांवर जे सात बाण दिसतात, ते दर पाचव्या पट्टीवर असतात: ५, १०, १५ असे. ते डिझाइन नाही हं, नेम धरायला आहेत.

पूर्वी या लेन्स खऱ्या लाकडाच्या होत्या. सुरुवातीला टणक मेपल, कारण तिथे बॉल आपटतो. पुढे मऊ पाइन. लाकडाचं पॉलिश घासून जाऊ नये म्हणून तेल लावायला सुरुवात झाली. म्हणजे तेल आलं लेन वाचवायला, आणि गंमत म्हणजे पुढे तेच गेमचा मुख्य डाव होऊन बसलं.

आज हे काम एक मशीन करतं. ते लेनवरून सरकत जातं, जुनं तेल पुसतं आणि ठरलेल्या नकाशाप्रमाणे नवं घालतं. किती? एका लेनला साधारण २० ते ३० मिलीलिटर. घरी पोह्यांच्या फोडणीला लागतं तेवढं! ते सुमारे ४० फुटांवर पसरलं की थराची जाडी सरासरी दोन मायक्रॉनच्या आसपास येते. आपला केस याच्या कितीतरी पट जाड. त्यामुळे ते दिसत नाही. शेवटचे २० फूट मात्र कोरडे ठेवतात. हीच खरी मेख आहे.

कामणचा रस्ता आणि पहिला पाऊस

सर समजावत होते आणि माझ्या डोक्यात टाळी वाजली. कारण हे सगळं मला माहीत होतं. गुडघ्यावर त्याची खूणसुद्धा आहे.

मी राहते कामणला. वसई तालुक्यातलं, कामणदुर्गाच्या पायथ्याचं गाव. वसई-दिवा लाइनवर 'कामण रोड' नावाचं आमचं स्टेशन आहे, पण गाड्या दिवसातून मोजक्याच. त्यामुळे स्टेशन गाठायला माझी स्कूटी. आणि आमच्या दारातून जातो चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक, कंटेनर, टेम्पो यांची रांग रात्रंदिवस. आठ महिने ही वाहनं ठिबक-ठिबक ऑइल सांडतात. ते धुळीत मुरतं. मग जूनमधली पहिली सर येते. धो-धो नाही, नुसती भुरभुर. ऑइल वर येतं, पाण्यावर तरंगतं, रस्ता आरसा होतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच भुरभुरीत मी वळणावर हँडल वळवलं. स्कूटीने ऐकलंच नाही. हँडल वळलेलं आणि गाडी सरळ. मग एकदम पुढचा टायर कोरड्या डांबरावर आला आणि गाडीला अचानक आठवलं की आपल्याला वळायचं होतं. ती वळली. मी नाही वळले.

बोलिंगचा बॉल अगदी हेच करतो. तीन टप्प्यांत.

पहिला टप्पा स्किड, म्हणजे घसरणं. हातातून सुटताना बॉलला बाजूने फिरकी दिलेली असते, पण तेलावर त्या फिरकीला पकडच मिळत नाही. बॉल जागच्या जागी फिरतो आणि सरळ घसरत जातो. हँडल वळलेलं, गाडी सरळ!

दुसरा टप्पा हुक. तेल संपलं, कोरडी पट्टी आली, फिरकीने लेन पकडली. बॉल वळतो.

तिसरा टप्पा रोल. फिरण्याचा आणि पुढे जाण्याचा वेग जुळला की बॉलचं घसरणं संपतं, तो नुसता लोळतो. एकदा लोळायला लागला की मग वळत नाही. तेव्हा आहे त्या दिशेने पूर्ण ताकदीनिशी पिन्समध्ये घुसतो.

सगळा फंडा एवढाच की रोल सुरू व्हायला हवा पिन्सच्या थोडं आधी. फार आधी झाला, तर बॉल दमून पोचतो. झालाच नाही, तर घसरत पोचतो आणि पिनला आपटून बाजूला फेकला जातो.

पण मुळात वळवायचा कशाला? सरळ मारला तर? मलाही हाच प्रश्न पडला. उत्तर वजनात आहे. एक पिन साधारण दीड किलोची. दहा पिन्सचं वजन मिळून साडेपंधरा-सोळा किलो. बॉल नियमाने जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलो. आपले हाऊस बॉल तर त्याहूनही हलके. तेव्हा बॉलच पिन्सना घाबरतो! सरळ आलेला बॉल आपटून बाहेर सरकतो. कोनातून आलेला बॉल आत शिरतो. जाणकार म्हणतात, सहा अंशांच्या आसपासचा कोन बेस्ट. पहिली आणि तिसरी पिन यांच्यामधल्या फटीला 'पॉकेट' म्हणतात. तिथे बॉल बरोबर घुसला, तर तो स्वतः फक्त चार पिन्सना शिवतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिन्स एकमेकींनाच पाडतात. ऑफिसमधल्या गॉसिपसारखं.

बॉलच्या जाती

आता येतो बॉल. त्याच तेलावर चार बॉल चार तऱ्हेने वागतात, कारण त्यांची कातडी वेगळी असते. खेळाडूंच्या भाषेत कव्हरस्टॉक.

प्लास्टिक, म्हणजे पॉलिएस्टर. आपले रंगीबेरंगी हाऊस बॉल याच जातीचे. गुळगुळीत, टणक, तेल न पिणारे. तेल असो-नसो, जवळपास सरळ जातात. सरांच्या बॅगेत असाही एक बॉल होता, फक्त उरलेली एखादी पिन पाडायला. तिथे वळण नकोच असतं.

युरेथेन. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आला. लेनला लवकर पकडतो आणि गोलसर, समजूतदार कमान घेत जातो. शेवटी झटका नाही, नाटक नाही.

रिॲक्टिव्ह रेझिन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि खेळच बदलला. याच्या कातडीला सूक्ष्म छिद्रं असतात. ती तेल पितात. तेलावर घसरतो, पण कोरडी पट्टी लागली की जोरात वळतो. यातही पोटजाती आहेत. 'सॉलिड' लवकर वळायला लागतो. 'पर्ल' लांबपर्यंत सरळ जातो आणि शेवटी काटकोनात वळल्यासारखा वळतो. 'हायब्रिड' मधला.

वर पुन्हा सँडपेपरचा खेळ. बॉल खरखरीत घासला तर तेलातही पकड घेतो. चकचकीत पॉलिश केला तर पकड उशिरा येते. ग्रिपचे टायर आणि गुळगुळीत झालेले टायर, यातला फरक कामणकरांना सांगायला नकोच.

बॉलच्या कातडीला किती किंमत आहे, हे दाखवून दिलं अमेरिकेच्या डॉन मॅक्यून या प्रोफेशनल खेळाडूने. त्या काळचे प्लास्टिकचे बॉल टणक असायचे. याने बॉल एका रसायनात बुडवून मऊ केले. मऊ बॉलने लेन पकडली आणि १९७३ मध्ये तो तिथल्या प्रोफेशनल संघटनेचा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग काय, सगळेच बादल्या घेऊन बसले! पुढे बॉल किती टणक असावा याचे नियमच करावे लागले.

कुठल्या तेलाला कुठला बॉल?

हा खरा मसाला. चार परिस्थिती बघा.

एक: भरपूर आणि लांबवर तेल. समजा ४५ फुटांच्या पुढे. कोरडी जागा कमी, म्हणजे बॉलला वळायला वेळच कमी. इथे चकचकीत बॉल टाकलात तर तो वळायच्या आधी पिन्सपाशी पोचलेला असेल. इथे हवा खरखरीत घासलेला सॉलिड रिॲक्टिव्ह, जो तेलातच पकड घ्यायला सुरुवात करेल. त्याची रिॲक्शन लवकर सुरू होणारी आणि मजबूत. लाइनही आतली, लेनच्या मध्याजवळची.

दोन: थोडं आणि आखूड तेल. समजा ३५ फूट. पुढे २५ फूट कोरडं रान. इथे तोच खरखरीत बॉल टाकलात तर तो अर्ध्यातच वळून, दमून, लोळत डावीकडे जाईल. इथे युरेथेनची समजूतदार कमान कामाला येते आणि लाइन जवळजवळ गटरला घासून. बघणाऱ्याचा श्वास अडकतो, पण बॉल परत येतो.

तीन: मध्ये जास्त, कडेला कमी. बहुतेक ॲलींमध्ये नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी असंच तेल घालतात, सुमारे ४० फूट. याला 'हाऊस पॅटर्न' म्हणतात. हा अगदी आईसारखा मायाळू. चुकून उजवीकडे गेलात, तर कोरडी पट्टी बॉलला वळवून परत आणते. चुकून डावीकडे गेलात, तर मधलं तेल त्याला जास्त वळू देत नाही. इथे चकचकीत पर्ल बॉल झक्कास दिसतो: लांब सरळ आणि शेवटी झटका. स्पर्धांच्या 'स्पोर्ट पॅटर्न'मध्ये मात्र मध्य आणि कड यांतला फरक फार कमी ठेवतात. तिथे चुकीला माफी नाही.

चार: जळालेली लेन. म्हणजे खेळून खेळून तेल उडालेली. इथे सगळेच बॉल लवकर वळतात. मग कमी पकडीचा बॉल घ्या, वेग वाढवा, नाहीतर तेल शिल्लक आहे त्या बाजूला सरका.

अमेरिकेच्या प्रोफेशनल सर्किटने तर आपल्या तेलाच्या नकाशांना प्राण्यांची नावं दिली. 'चीता' हा आखूड, सुमारे ३५ फुटांचा. 'शार्क' हा लांब, ४८ फुटांचा. खेळाडू पाटी वाचतात आणि एक साधी वजाबाकी करतात. तेलाच्या लांबीतून ३१ वजा करा. जे उरेल, तितक्या क्रमांकाच्या पट्टीजवळ बॉलने वळायला सुरुवात करायला हवी. चीत्याला ३५ वजा ३१, म्हणजे चौथी पट्टी, अगदी कडेला. शार्कला ४८ वजा ३१, म्हणजे सतरावी, लेनच्या मध्याजवळ. नेहमीच्या ४० फुटांना नववी, म्हणजे दुसऱ्या बाणाच्या आसपास. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो. आमच्या एक्सेल शीट्सपेक्षा सोपा आहे!

तेल पळतं, आपण उभे

आता माझ्या ७९ चं रहस्य.

लेनवर तेल एकदा घातलं की ते तिथेच बसून राहत नाही. प्रत्येक बॉल थोडं तेल अंगाला लावून घेऊन जातो. रिॲक्टिव्ह बॉल तर पितोच. म्हणून तर सर प्रत्येक वेळी बॉल फडक्याने पुसत होते. न पुसलेला बॉल म्हणजे तेलकट टायर. असे बॉल काही महिन्यांत तेल पिऊन सुस्तावतात; मग त्यांना कोमट पाण्यात बुडवून किंवा मशीनमध्ये हलकेच तापवून ते तेल बाहेर काढावं लागतं. प्लास्टिकचे आणि युरेथेनचे बॉल तेल पीत नाहीत. ते तेल पुढे ढकलतात आणि कोरड्या भागात त्याची पुसट रेघ ओढतात.

आमच्या लेनवर आठ जण होतो. त्यातले बहुतेक उजव्या हाताचे, सगळे त्याच दुसऱ्या-तिसऱ्या बाणाच्या आसपास टाकणारे. दोन तासांत तिथलं तेल विरळ झालं. माझ्या मनगटाला नकळत थोडं वळवायची सवय आहे. तेल होतं तोवर ती सवय लपली. तेल गेलं आणि तेच वळण दुप्पट दिसायला लागलं. मला वाटलं मी बिघडले. मग मी हात बदलला, पाय बदलले, वेग बदलला आणि खरंच बिघडले.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. ७९ चं.

सरांनी खोटं खोटं समाधान केलं नाही. "सगळा दोष तेलाचा नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या गेमला हात दमतो, बॉल हळू जातो आणि हळू गेला की जास्त वळतो. पण तू दमलीस हे तुला कळलं नाही आणि तेल गेलं हेही कळलं नाही. दोन्ही गोष्टी बॉल तुला सांगत होता."

मग करायचं काय? इथे एक उलटा वाटणारा नियम आहे. बॉल ज्या बाजूला चुकतो, त्याच बाजूला पाय सरकवा. डावीकडे जातोय? डावीकडे उभे राहा. आपण डावीकडे सरकलो की बॉल जरा उजवीकडे जाणाऱ्या कोनातून सुटतो आणि जिथे अजून तेल आहे तिथून जातो. साधारण हिशेब असा: पाय दोन पट्ट्या सरकवा, नेम एक पट्टी. मी बरोबर उलटं करत होते. उभी तिथेच आणि मनगटाची ओढाताण.

गिरणगावातलं तेल

हे सगळं जिथे घडलं ती जागाही मजेशीर आहे. लोअर परळमध्ये एके काळी तेल म्हणजे साच्यांचं तेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग ॲली आली आणि मुंबईच्या कॉलेजकुमारांना स्ट्राइक म्हटलं की संप नाही, दहा पिन्स आठवायला लागल्या. २०१२ मध्ये शेजारच्या कमला मिल्सच्या आवारात 'स्मॅश' सुरू झालं. पुढे मॉलमॉलमध्ये चार-सहा लेन्स दिसायला लागल्या आणि आपल्यासाठी बोलिंग म्हणजे टीपी, बर्थडे आणि टीम आउटिंग असं समीकरण पक्कं झालं.

पण जगात हा चांगला घाम काढणारा खेळ आहे. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत बोलिंग पहिल्यांदा आलं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ते प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळवलं गेलं. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेतही होतं; २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या स्पर्धेतून मात्र वगळलं. या स्पर्धांतले खेळाडू एका सामन्याला चार-सहा बॉल घेऊन येतात. शौक म्हणून नाही. तेल बदलेल तसा बॉल बदलायला.

बाबांचा हात

रात्री उशिरा घरी पोचले तेव्हा बाबा जागे होते. मी सगळं सांगितलं: लेन, तेल, ३१ ची वजाबाकी. बाबा आयुष्यात बोलिंगला गेलेले नाहीत. पण गावातल्या मंडळात कॅरम खेळत म्हातारे व्हायचा त्यांचा निश्चय आहे. ते हसले.

"यात नवीन काय? आम्ही बोर्डवर बसलो की स्ट्राइकर मारायच्या आधी हात फिरवून बघतो. पावडर कुठे आहे, कुठे उडालीय. पावसाळ्यात बोर्ड दमट होतो, सोंगटी अर्ध्यात थांबते. मग जोर वाढवायचा. स्ट्राइकरला शिव्या देऊन काय होणार?"

खरंच की! कॅरममध्ये पावडर, क्रिकेटमध्ये दव, रस्त्यावर ऑइल, लेनवर तेल. रात्रीच्या मॅचला दव पडलं की हातातून ओला बॉल सटकणाऱ्या स्पिनरला आपण नावं ठेवत नाही, टॉसला नावं ठेवतो. स्वतःच्या बाबतीत मात्र पहिली शंका स्वतःवरच.

महिन्याभराने परत मॅच झाली. यावेळी मी पहिले दोन बॉल स्कोअरसाठी टाकलेच नाहीत, बघण्यासाठी टाकले. कुठे वळतो, किती वळतो. दुसऱ्या गेमच्या चौथ्या फ्रेमला बॉल जरा जास्त डावीकडे गेला. पोटात गोळा आला. मनगट पिळायला निघालेच होते, पण थांबले. पाय दोन पट्ट्या डावीकडे, नेम एक पट्टी डावीकडे. बाकी काही बदललं नाही. बॉल गेला, वळला, पॉकेटमध्ये.

पहिला गेम ११२. दुसरा १०९.

१२८ परत आला नाही. आम्ही जिंकलोही नाही. सरांसमोर कोण जिंकणार? पण तीन पिन्सचा फरक, म्हणजे जिला कन्सिस्टन्सी म्हणतात ती हीच असावी. सगळं तसंच ठेवणं नव्हे. काय बदललंय ते बघून, तेवढंच बदलणं. पुढच्या अप्रेझलला हे वाक्य वापरायचा विचार आहे.

त्या रात्री चिंचोटी नाका सोडला आणि भुरभुर सुरू झाली. पुढे कंटेनरचे लाल दिवे, रस्त्यावर तो ओळखीचा इंद्रधनुषी चकाकता तवंग. मी वेग आधीच कमी केला, ब्रेक अलगद दाबला, वळणावर हँडल हळू वळवलं. गाडीने ऐकलं.

चौकट: पुढच्या शुक्रवारसाठी झटपट फंडे

● पहिले दोन-तीन बॉल तेल वाचायला वापरा. नजर पिन्सवर नको, बॉल कुठे वळतो त्यावर ठेवा.

● नेम ६० फुटांवरच्या पिनवर नाही, समोरच्या बाणावर धरा. जवळचं लक्ष्य सोपं.

● बॉल डावीकडे चुकला तर पाय डावीकडे, उजवीकडे चुकला तर उजवीकडे. पाय दोन पट्ट्या, नेम एक. एका वेळी एवढंच बदला.

● दोन-तीन वेळा तीच चूक झाली तरच सरका. एकदा झाली तर ती बहुधा तुमचीच!

● रॅकवरचे हाऊस बॉल हात लावून बघा. गुळगुळीत, चकचकीत बॉल सरळ जाईल. ओरखडे पडून खरखरीत झालेला बॉल कोरड्या लेनवर वळू शकतो.

● बॉल परत आला की फडक्याने पुसा. दहा सेकंदांचं काम, पण दर वेळी तोच बॉल हातात येतो.

● एकटी पिन उरली तर हिरोगिरी नको. मनगट सरळ ठेवा आणि सरळच टाका.

● फाउल लाइनच्या पुढे पाय टाकू नका. तिथे तेल आहे. लेनवर बॉल घसरतो, तसे तुम्हीही घसराल, आणि तुमच्यात हुक नाही!